ट्रेडमार्कची नोटीस लिहायला बसण्याआधी

ट्रेडमार्कच्या कामात नव्याने आलेल्या ज्युनिअरकडे पहिल्यांदा येतो तो नोटिशीचा मसुदा. कुणीतरी आपलं नाव वापरतंय म्हणून अशील संतापलेला असतो, त्याला 'कडक' नोटीस हवी असते. तरी आधी बिलं मागवा. नाव केव्हापासून वापरात आहे हे सांगणारी जुनी बिलं, लेबलछपाईच्या पावत्या, जाहिरातींची कात्रणं. समोरचा माणूस तुमच्या अशिलाच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तेच नाव सलग वापरत असेल, तर १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ त्याच्या बाजूने उभं राहतं. मग नोंदणीचं प्रमाणपत्र असूनही त्याला थांबवता येत नाही.

नोंदणी झाली आहे की नुसता अर्ज पडून आहे, हेही स्वतः तपासा. अर्जाच्या जोरावर इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे नोंदणीकृत हक्काच्या भंगाचा दावा होत नाही, फक्त पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा होतो. आणि उगाच धमकी दिली तर कलम १४२खाली समोरचाच दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणून माझ्या मते चांगली नोटीस शांत असते: दोन्ही लेबलांचे फोटो, तारखा, नेमकी मागणी आणि उत्तराची मुदत. ती उद्या न्यायाधीशही वाचणार आहेत.

उत्तर आलं की खरं काम सुरू होतं. आपल्याकडे मसाले, लोणची, मिठाईचे कितीतरी धंदे आडनावावर चालतात, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या की तेच आडनाव दोन पाकिटांवर येतं. अशा एका प्रकरणात आमचं घोडं महिनोन्महिने अडलं होतं. नावाच्या अभिमानावर बोलून काही हललं नाही. धाकट्या पातीच्या गोदामात छापून पडलेल्या पाउचचा प्रश्न निघाला, तो माल संपवायला मुदत दिली, आणि आडनावाआधी स्वतःचं नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला ते तयार झाले. समोरच्याला नेमकं काय सोसवत नाही, हे विचारायला लाजू नका. मात्र तडजोडीच्या अशा प्रत्येक पत्रावर 'विदाऊट प्रेज्युडिस' लिहा, म्हणजे बोलणी फसली तर त्यातलं लिहिलेलं आपल्यावर उलटत नाही.

करारात रंग, अक्षरं, शिल्लक माल, डोमेन, इन्स्टाग्रामचं खातं, वारस, सगळं यावं. उद्याचा धंदाही यावा. बीटल्सची अ‍ॅपल कॉर्प्स आणि अ‍ॅपल कॉम्प्युटर यांच्यात १९८१ साली समझोता झाला, १९९१ साली पुन्हा झाला. तरी २००३मध्ये कॉम्प्युटर कंपनीने आयट्यून्सचं गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडताच लंडनच्या कोर्टात वाद गेला. २००६चा निकाल कॉम्प्युटर कंपनीच्या बाजूने लागला आणि २००७ साली नवा करार करावा लागला.

दावा आधीच दाखल असेल तर कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी कोर्टात देऊन हुकूमनामा घ्या. दावा नसेल, तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खालच्या मध्यस्थीत तडजोड करा. तिला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं. तातडीची मनाई नको असेल तर दाव्याआधी ही मध्यस्थी बंधनकारकच आहे.

वाटाघाटी चालू असताना समोरच्याचा नोंदणीचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे असे अर्ज जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रिकेत छापून आला, तर विरोध नोंदवायला चार महिने मिळतात आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. बोलणी कितीही गोडीत चालू असोत, विरोध दाखल करून ठेवा. करारावर सह्या झाल्या की तो मागे घेता येतो.