पन्नाशीनंतरचा म्युझिक फेस्टिव्हल : कुठे उभं राहायचं, कधी निघायचं

मुंबईतला मोठा म्युझिक फेस्टिव्हल दुपारी दोन-तीनला सुरू होतो आणि रात्री दहाला बंद होतो. दहाची वेळ आयोजकांच्या मर्जीवर नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सणावारांतच जातात. त्यामुळे ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो मुख्य कलाकार साधारण आठ-साडेआठला स्टेजवर येतो. पन्नाशी-साठीच्या रसिकाला हे सोयीचंच आहे. सगळा दिवस रात्री दहापासून उलटा मोजायचा. सात-आठ तास सलग उभं राहणं विशीतल्यांनाही जमत नाही, सहाच्या सुमाराला तीच मुलं गवतावर आडवी पडलेली दिसतात. तुम्हाला ताकद राखायची आहे ती शेवटच्या दोन तासांसाठी.

तिकीट काढताना

आधी जागा बघा, मग कलाकार. महालक्ष्मी रेसकोर्सवर (लोलापलूझा हा मूळचा अमेरिकी फेस्टिव्हल भारतात पहिल्यांदा जानेवारी २०२३ मध्ये इथेच झाला) मोकळं मैदान आहे. एका स्टेजपासून दुसऱ्यापर्यंत चांगलीच पायपीट होते, पण बसायला गवत मिळतं. बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानांवर धूळ उडते. दमा किंवा ॲलर्जी असेल तर मास्क आणि इनहेलर दोन्ही खिशात हवेत. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये स्टँडचं तिकीट काढलं तर खुर्ची मिळते, पण वरच्या मजल्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. गुडघ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो, तोही अंधारात आणि मागून गर्दी येत असताना. स्टँडचं तिकीट काढायचंच असेल तर खालच्या स्तरातलं आणि कडेच्या वाटेजवळचं बघा. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरणारा महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल यातल्या कशाच्याही मानाने आटोपशीर. तिथे पांढरे केस बरेच दिसतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

व्हीआयपी तिकिटाचे पैसे स्टेज जवळ दिसतं म्हणून मोजू नका, बऱ्याचदा ते तिरकसच दिसतं. खरी किंमत असते वेगळ्या स्वच्छतागृहाची आणि टेकायला जागा मिळण्याची. या दोन गोष्टी तिकिटाच्या माहितीत स्पष्ट लिहिलेल्या नसतील तर साधं तिकीट बरं. चालायला खरंच अडचण असेल तर अपंगांसाठीच्या उंच कट्ट्याची सोय आहे का, हे ईमेलने आधी विचारून ठेवा आणि आलेलं उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. गेटवरच्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं.

आधीचे पंधरा दिवस

नवे बूट त्या दिवशी घालू नका. जाड तळव्याचे, पुढून बंद असलेले बूट घालून रोज पाऊण तास चाला. सँडल नको, गर्दीत पायावर पाय पडतोच. उभं राहून पोटऱ्या भरून येतात याचं कारण नुसता थकवा नसतो, साचलेलं रक्तही असतं. पोटरीचा स्नायू आकसला की रक्त वर ढकललं जातं, नुसतं ताठ उभं राहिलं की ते खालीच थांबतं आणि घोटे सुजतात. म्हणून टाचा वर-खाली करण्याची सवय आत्ताच लावा, दर दहा मिनिटांनी वीस वेळा. व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून दाबाचे मोजे घ्या आणि ते सकाळीच, पाय सुजण्याआधी चढवा.

रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ती त्या दिवशी किती वाजता घ्यायची, हेही डॉक्टरांनाच विचारा. स्वच्छतागृहाच्या लांब रांगा टाळायच्या म्हणून गोळी आपल्या मनाने चुकवणारे बरेच असतात. उन्हात, गर्दीत, मिठाचं खाऊन रक्तदाब चढायला तेवढं पुरतं.

पिशवीत काय

मनाई असलेल्या वस्तूंची यादी प्रत्येक फेस्टिव्हलची वेगळी असते. पाण्याची बाटली, छत्री, घडीची खुर्ची, बाहेरचं खाणं आणि मोठी बॅग बहुतेक ठिकाणी चालत नाही. पॉवर बँकेचं काही सांगता येत नाही. औषधं सुटी नेली तर तपासणीत अडतात. मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची छापील प्रत. मधुमेह असेल तर ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच. इन्सुलिन असेल तर छोटी थंड पिशवी आणि तीही चिठ्ठीत लिहून घेतलेली. पेसमेकर असलेल्यांनी त्याचं कार्ड दाखवून हाताने झडती घ्यायला सांगावं. मेटल डिटेक्टरच्या दारातून सरळ चालत गेलं तर अडचण नाही, पण हातातलं यंत्र छातीवर फिरवत ठेवू देऊ नये.

एक सुती पंचा घ्या. ऊन असताना डोक्यावर, घाम आला की मानेवर, बसायचं झालं की गवतावर. जानेवारीत मुंबईची दुपार तिशीपार जाते आणि रात्री मोकळ्या मैदानावर अंगावर पातळ काहीतरी हवंसं वाटतं.

ओळखपत्र मूळ ठेवा. बिअरच्या काउंटरवर टक्कल पडलेल्या माणसालाही वयाचा पुरावा मागतात, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

रिस्टबँड आणि फोन

आतला व्यवहार बऱ्याच ठिकाणी रिस्टबँडवर, म्हणजे मनगटावर बांधायच्या बँडवर, पैसे भरून चालतो. त्याची पट्टी एकाच दिशेने सरकते, घट्ट झाली की सैल होत नाही. उकाड्यात आणि तासन्‌तास उभं राहून हात सुजतात, म्हणून आत एक बोट जाईल एवढी जागा ठेवूनच ओढा. बोटातली घट्ट अंगठी घरीच काढून ठेवा. दोन दिवसांचा बँड असेल तर रात्री झोपताना आणि आंघोळीलाही तो हातातच राहणार. पैसे घरूनच भरा आणि उरलेले परत मिळवायची मुदत बघून ठेवा, ती उलटली की गेले.

हजारो फोन एकाच टॉवरवर आले की व्हॉट्सॲप अडकतं. साधा एसएमएस त्यातल्या त्यात लवकर जातो. तिकीट आणि वेळापत्रक आधीच उतरवून घ्या. सोबतच्यांशी भेटायची खूण ठरवताना ‘स्टेजच्या डावीकडे’ असं ठरवू नका, स्टेजकडे पाठ केली की डावं-उजवं बदलतं. अंधारात उजळलेलं, उंच आणि जागचं न हलणारं काहीतरी निवडा आणि वेळही ठरवून टाका: ‘कोणी हरवलं तर दर तासाला, बरोबर ठोक्याला, इथे.’

कान

या विषयावर जरा थांबायला हवं. मोठ्या स्टेजसमोर आवाज सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कामाच्या ठिकाणी आवाज किती सुरक्षित, याचा जो हिशोब अनेक ठिकाणी वापरतात त्यात ८५ डेसिबल आठ तास चालतं, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. स्टेजवरचा एक कार्यक्रम तास-सव्वा तास चालतो. कानात कापूस घालणारे पुष्कळ दिसतात, पण तो जवळजवळ निरुपयोगी.

मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग स्वस्त आणि परिणामकारक, पण ते वरचे सूर जास्त खातात. वयाने आपल्या कानातून आधी तेच सूर गेलेले असतात, म्हणून फोम घातला की झांजा आणि शब्द दोन्ही नाहीसे होतात आणि लोक वैतागून काढून टाकतात. गाणं ऐकायला जायचं असेल तर वादकांसाठीचे, फिल्टर असलेले इअरप्लग घ्या. ते सगळे सूर सारख्या प्रमाणात खाली आणतात.

फोमचाच वापरायचा झाला तर नीट बसवा. स्वच्छ बोटांनी तो वळून अगदी बारीक, सुरकुती न पडलेली काडी करा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, त्याने कानाची नळी सरळ होते. काडी आत सरकवून बोट तीस सेकंद तिथेच दाबून ठेवा, फोम आत फुगू द्या. निम्मा बाहेर दिसत असेल तर तो शोभेचा आहे. हे घरी आरशासमोर चार वेळा करून बघा, अंधारात पहिल्यांदा करायला गेलात तर मातीत पडेल.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी तंत्रज्ञाकडून संगीतासाठीचा वेगळा प्रोग्रॅम घालून घ्यावा. मोठ्या स्टेजजवळ मात्र यंत्र काढून डबीत ठेवणं आणि इअरप्लग लावणं जास्त शहाणपणाचं.

उभं कुठे राहायचं

मैदानाच्या मधोमध एक मचाण असतं, त्यावर साउंडचा कन्सोल. सगळा आवाज तिथे बसलेल्या माणसाच्या कानांना बरा वाटेल असा जुळवलेला असतो, म्हणून सर्वांत स्वच्छ आवाज त्या मचाणाच्या आसपास मिळतो. टेकायला त्याचं रेलिंग आहे, मागून धक्का येत नाही आणि स्क्रीन दिसतो. मचाणाच्या मागे, किंचित कडेला, हीच आपली जागा. पुढचं बॅरिकेड मिळवायला मुलं चार तास आधी जाऊन बसतात. ते मिळालं तरी तिथून बाहेर पडायची वाट राहत नाही, आणि साठीच्या मूत्राशयाला वाट लागते.

उंच माणूस पुढे आला की वैतागू नका, दोन पावलं तिरकं सरका. टॉवरसारख्या स्पीकरला टेकून मात्र कधीच उभे राहू नका.

धोका ओळखायची साधी खूण: वाकून बुटाची नाडी बांधता येतेय का? नाही आली तर जागा सोडा. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहते आणि आपण ठरवू तसं पाऊल पडत नाही. अशा वेळी हात छातीसमोर, कोपरं बाहेर, म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका, धक्का येऊन गेला की मधल्या उसंतीत तिरकं कडेला सरका. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, फोन असला तरी.

रॉक किंवा मेटल चालू असताना गर्दीच्या मधे अचानक गोल रिकामी जागा झाली तर ती तुमच्यासाठी केलेली नाही. ड्रम पडताच ती पोरं त्यात एकमेकांवर आदळणार आहेत. मोकळं दिसतंय म्हणून तिथे जाऊन उभं राहणं ही नवख्यांची नेहमीची चूक. चार-पाच ओळी मागे या. हीच पोरं पडलेल्याला लगेच उचलतात, त्यांना भिण्याचं कारण नाही.

पाणी, खाणं, स्वच्छतागृह

दुपारी घरून पोळी-भाजी किंवा वरण-भात खाऊन निघा. आत पोहोचायची वेळ साडेचार, ऊन उतरायला लागलेलं असतं आणि प्रवेशाची संध्याकाळची रांग अजून लागलेली नसते. पुढचं जेवण साडेपाचला उरकून घ्या. सातनंतर स्टॉलवर अर्धा तास जातो आणि तेलकट खाऊन लगेच उभं राहिलं की पित्त वर येतं. पाणी तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं, दर वीस मिनिटांनी चार घोट. स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणीच न पिणं हा महिलांमध्ये सर्रास दिसणारा प्रकार, आणि प्राथमिक उपचाराच्या तंबूत चक्कर येऊन पोहोचायचा सर्वांत सोपा रस्ताही तोच. ओआरएस एका लिटरला एक मोठं पाकीट, अर्ध्या ग्लासात ओतून ढवळणं चुकीचं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेही विचारूनच.

स्वच्छतागृहाला जायची वेळ म्हणजे एखादा कार्यक्रम रंगात असताना. तो संपल्यावर सगळं मैदान तिकडेच वळतं. मुख्य कलाकाराआधी एकदा, गरज नसली तरी.

तरुण मंडळी

ती तुम्हाला ‘अंकल’, ‘काका’, ‘आंटी’ म्हणणार. त्यात टिंगल क्वचितच असते, बहुतेक वेळा पुढे जायला वाट करून देण्यासाठीच म्हणतात. ‘आमच्या वेळी…’ ने सुरू होणारं वाक्य मनात ठेवा. त्यापेक्षा ‘या बँडचं कुठलं गाणं ऐकून ठेवू?’ असं विचारा, समोरचा मुलगा अख्खी प्लेलिस्ट पाठवेल. गाणं चालू असताना गप्पा मारू नयेत हा आपला बैठकीतला नियम इथे लागू नाही. त्रास होत असेल तर तुम्ही जागा बदला.

बाहेर पडणं

दोन पर्याय: शेवटचं गाणं सुरू होताच निघा, किंवा संपल्यावर चाळीस मिनिटं गवतावर बसून राहा. मधला, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांचा पर्याय सर्वांत वाईट. गेटवर चेंगराचेंगर, टॅक्सीचे दर चढलेले आणि ड्रायव्हरचा फोन लागत नाही. गाडी गेटवर बोलावू नका. पंधरा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावर या आणि तिथून बुक करा. रेसकोर्सवरून महालक्ष्मी स्टेशन चालत गाठता येतं. लोकल मध्यरात्रीनंतरही थोडा वेळ असतात, मेट्रो त्याआधीच बंद होते, म्हणून शेवटच्या मेट्रोची वेळ निघतानाच बघा. कार्यक्रम रविवारी असेल तर सकाळीच मेगाब्लॉक तपासा. हार्बरवर पनवेल-वाशीचा ब्लॉक असला की दुपारी नेरुळला जाणाऱ्यांची पंचाईत होते.

घरी आल्यावर पाय भिंतीला वर टेकवून पंधरा मिनिटं पडा. कानात किंचित शिट्टी वाजत असेल तर ती बहुधा सकाळपर्यंत जाते. दोन दिवसांनीही वाजत राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जा. त्यावरच्या औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच सर्वाधिक होतो.