स्लो कुकरमधली सॉसेज आणि भाज्या बिघडतात कुठे? या चुका टाळा

सकाळी सगळं भांड्यात टाकायचं, बटण फिरवायचं आणि संध्याकाळी गरमागरम वाढून घ्यायचं, अशी स्लो कुकरची ख्याती आहे. घरात लहान मुलं असतील, दोघंही कामावर जात असतील तर हे मोठंच सुख. पण सॉसेज आणि भाज्यांचा बेत पहिल्यांदा केला की बऱ्याच घरांत एकच रडगाणं ऐकू येतं: बटाटे कच्चट, सॉसेज पांढुरकी आणि रबरासारखी, रस्सा पाणचट. दोष बहुतेक वेळा कृतीचा नसतो. या भांड्यात उष्णता फार सावकाश चढते आणि वाफ जवळजवळ बाहेरच जात नाही. या दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून: चार माणसांना साधारण आठ सॉसेज, अर्धा किलो बटाटे, तीन गाजरं, दोन कांदे, 400 ग्रॅमचा टोमॅटोचा डबा आणि 150 ते 200 मिली स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) पुरतो. ‘लो’वर सहा ते सात तास किंवा ‘हाय’वर साडेतीन ते चार तास. खालचं सगळं याच मापाला धरून आहे.

सॉसेज न परतता थेट आत टाकणं

सगळ्यात जास्त चव इथे हरवते. मांसाला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, तो मायार अभिक्रियेमुळे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. ती जोमाने व्हायला पृष्ठभाग कोरडा लागतो आणि तापमान साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं. स्लो कुकरमध्ये सगळं ओलं असतं आणि तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जाऊच शकत नाही. आठ तास ठेवा नाहीतर बारा, रंग येणार नाही. वरचं आवरणही सैल आणि चिवट राहतं, आणि मुलं ताटात नेमकं तेच सोलून बाजूला ठेवतात.

उपाय पाच-सात मिनिटांचा आहे. पसरट तव्यावर अगदी थोडं तेल घ्या, मध्यम आचेवर सॉसेज फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी तपकिरी करा. आतून शिजायची गरज नाही, ते काम पुढे होणारच आहे. टोचे मारू नका, रस बाहेर येतो. सॉसेज काढल्यावर त्याच तव्यात कांदा परता. कच्चा कांदा स्लो कुकरमध्ये कित्येक तास करकरीत राहतो आणि त्याचा उग्रपणा रश्शात उतरतो. कांदा गुलाबी झाला की तव्यात स्टॉकमधलाच थोडा भाग ओता आणि तळाला चिकटलेलं लाकडी उलथन्याने खरवडून घ्या. ते तपकिरी पाणी कुकरमध्ये जायलाच हवं, कारण परतण्याची निम्मी कमाई त्यातच असते.

एकाच भांड्यात जेवण करायचं म्हणून स्लो कुकर घेतला आणि आता पुन्हा तवा घासायचा, ही तक्रार रास्त आहे. तरीही वेळ वाचवायचा तर तो दुसरीकडे वाचवा, ही पायरी गाळू नका.

सगळ्या सॉसेजना एकच वेळ देणं

पाकीट नीट वाचा. कच्ची सॉसेज पूर्ण सहा तास सोसतात. आधीच उकडलेली किंवा स्मोक्ड सॉसेज, म्हणजे फ्रँकफर्टर, किएल्बासा वगैरे, मुळात शिजलेलीच असतात. ती सकाळपासून आत राहिली की फुगतात, फुटतात आणि स्पंजासारखी लागतात. ती जाड कापून, परतून, ‘लो’वर शेवटच्या दोन तासांत किंवा ‘हाय’वर शेवटच्या एका तासात घाला. धुराची चव तेवढ्यात रश्शात व्यवस्थित उतरते.

कच्ची सॉसेज शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. काहींमध्ये मांस टिकवण्यासाठी घातलेलं नायट्राइट हे क्षार असतं, त्यामुळे पूर्ण शिजूनही आतून गुलाबीच दिसतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर टोकाकडून आत घालून मध्यापर्यंत न्या. डुकराच्या किंवा गोमांसाच्या सॉसेजला 71 अंश आणि कोंबडीच्या किंवा टर्कीच्या सॉसेजला 74 अंश सेल्सिअस दाखवायला हवेत.

गोठलेली सॉसेज थेट कुकरमध्ये

ही चूक चवीची नाही, तब्येतीची आहे, म्हणून इथे सवलत नाही. साधारण 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. स्लो कुकर आधीच हळू तापतो. त्यात बर्फाचा गोळा टाकला की मांस त्या टप्प्यात तासन्‌तास अडकून राहतं. आदल्या रात्रीच सॉसेज फ्रीजरमधून काढून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. मटारासारख्या गोठवलेल्या भाज्या शेवटी मूठभर घालायला हरकत नाही.

उशिरा सुरू होणाऱ्या टायमरचंही तेच. सकाळी आठला कच्चं मांस भरून ठेवायचं आणि कुकर दुपारी एकला चालू व्हायचा, असं करू नका. कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये. दिवसभर बाहेर असाल तर लगेच सुरू होऊन नंतर आपणहून ‘वॉर्म’वर जाणारा कुकर बरा. ‘वॉर्म’ मात्र फक्त शिजलेलं गरम ठेवायला आहे. त्यावर काही शिजवायचा विचारही करू नका.

बटाटे-गाजर वर, सॉसेज खाली

मांसापेक्षा कंदभाज्या लवकर शिजतात, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे गणित उलटं आहे. सॉसेजचं काम सत्तर-पंचाहत्तर अंशांना होतं. बटाटा-गाजराच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन मात्र साधारण 85 अंशांच्या आसपास विरघळायला लागतं. ‘लो’वर भांड्याला तिथवर पोचायला काही तास लागतात. म्हणून सॉसेज तयार आणि बटाट्याला सुरी टोचली तर मध्येच अडकते, असं होतं.

तेव्हा कंद तळाशी आणि कडेला, जिथे भांड्याची भिंत तापते तिथे ठेवा आणि ते द्रवात बुडालेले असू द्या. त्यावर कांदा, सगळ्यात वर सॉसेज. बटाट्याच्या फोडी अडीच सेंटिमीटरच्या, गाजराच्या चकत्या एक सेंटिमीटर जाडीच्या. फोडी सारख्या कापणं इथे नेहमीपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण अधूनमधून हलवून चूक सुधारायची सोय नाही.

अजून एक गोष्ट कृतींमध्ये क्वचितच लिहिलेली असते. आंबटपणाने पेक्टिन टिकून राहतं. टोमॅटोचा डबा सुरुवातीलाच बटाट्यांवर ओतला तर ते सात तासांनीही दातांखाली करकरतात. भरपूर टोमॅटो घालायचा असेल तर कंद स्टॉकमध्येच शिजू द्या आणि टोमॅटो निम्मा वेळ झाल्यावर घाला. झाकण एकदाच उघडावं लागतं, पण बटाटा मऊसूत होतो. तेवढ्यासाठी कोणी घरी थांबणार नसेल तर फोडी दीड-दोन सेंटिमीटरच्या करा, किंवा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात काढून मग आत घाला.

ऐनवेळी बटाटे कच्चे निघाले तर कुकर पुन्हा ‘हाय’वर लावून वाट बघत बसू नका, मुलं तोवर झोपतील. बटाटे आणि थोडा रस्सा पातेल्यात काढा, झाकण ठेवून गॅसवर दहा मिनिटं उकळा आणि परत मिसळा.

नाजूक भाज्याही पहिल्यापासून

ढोबळी मिरची, झुकिनी, फरसबी, मटार, पालक यांना सहा तास शिजवलं की रंग जातो, आकार जातो आणि शेवटी एक करडा-हिरवा लगदा उरतो. ढोबळी मिरची, फरसबी शेवटच्या तासात. झुकिनी, मटार शेवटच्या अर्ध्या तासात. पालक कुकर बंद करायच्या पाच मिनिटं आधी. सुकी हर्ब्ज सुरुवातीला चालतात, ताजी पानं मात्र वाढताना.

सुका राजमा घालायचा मोह झाला तर सावध. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि स्लो कुकरच्या मंद आचेवर ते पुरेसं नष्ट होत नाही. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण शिजवा आणि मगच कुकरमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो निथळून थेट घातला तरी चालतो.

पाणी गॅसवरच्या अंदाजाने

झाकणाकडे एकदा नीट बघा. आतून थेंब जमतात, ओघळत कडेला येतात आणि झाकण व भांडं यांच्या फटीत पाण्याची एक बारीक रेघ तयार होते. तीच वाफ अडवते. म्हणजे घातलेलं पाणी आटत नाहीच, वर भाज्यांचं आणि सॉसेजचं पाणी त्यात भर घालतं. गॅसवर चालणारी कृती इथे आणायची तर द्रव निम्म्यावर आणा. सुरुवातीला भांड्यात पाणी कमी दिसलं तरी घाबरू नका. फक्त तळाचे कंद ओले राहिले पाहिजेत.

रस्सा पातळ झालाच तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे थंड पाण्यात कालवा, ढवळत ढवळत घाला आणि ‘हाय’वर वीस मिनिटं ठेवा. त्यापेक्षाही मला आवडणारा उपाय म्हणजे चार-पाच शिजलेल्या बटाट्याच्या फोडी चमच्याने भांड्याच्या कडेला दाबून रश्शात मिसळणं. दाटपणा येतो, पिठाची चव येत नाही.

दर तासाला झाकण उघडून बघणं

दरवेळी साठलेली वाफ निघून जाते आणि शिजायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. काच आहे, तिच्यातून बघा. भाज्या घालायला जेव्हा उघडाल, तेव्हा सगळं हाताशी चिरून तयार ठेवा.

मीठ आणि चरबी

सॉसेजमध्ये मीठ भरपूर असतं, स्टॉकच्या वडीतही असतं, आणि तासन्‌तास ते रश्शात उतरत राहतं. म्हणून सुरुवातीला वरून मीठ अजिबात नको. शेवटी चाखा आणि मगच ठरवा. खारट झालंच तर कच्चा बटाटा टाकून मीठ शोषून घेण्याचा सल्ला मिळेल, त्याने फारसं काही साधत नाही. बिनमिठाचा टोमॅटो, गरम पाणी किंवा वेगळ्या उकडलेल्या भाज्या वाढवा. खारटपणा पसरूनच कमी होतो. उलट चव सपक वाटली तर मिठाआधी चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून बघा. बऱ्याचदा तेवढंच कमी असतं.

तुपकट तवंग आला असेल तर कुकर बंद करून दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि पळीने वरचा थर काढून घ्या. आधी परतलेली सॉसेज वापरली असतील तर मुळात तवंग कमीच येतो.

दूध, क्रीम सकाळीच

फाटतं. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घाला, आणि तेही फ्रीजमधून थेट नको. आधी वाटीत घेऊन त्यात पळीभर गरम रस्सा मिसळा, मग भांड्यात ओता.

भांडं ओसंडून भरणं किंवा तळाशी चार फोडी टाकणं

निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं भांडं सर्वांत नीट शिजवतं. गच्च भरलं तर मध्यभाग तापायला फार वेळ लागतो, फारच रिकामं असेल तर कडा करपतात. फ्रीजमधलं थंडगार सिरॅमिक भांडं थेट गरम कुकरमध्ये बसवू नका, तडा जाऊ शकतो.

लहान मुलांच्या ताटात गोल चकत्या

चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सॉसेजच्या गोल चकत्या धोकादायक आहेत. त्या नेमक्या घशाच्या आकाराच्या असतात आणि दाबून अडकतात. वाढताना सॉसेज आधी उभं चिरून चार लांब पट्ट्या करा, मग त्यांचे बारीक तुकडे करा. चिवट आवरण असेल तर ते काढून टाका.

उरलेलं तसंच भांड्यात ठेवणं

जाड सिरॅमिक उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे आतलं अन्न कोमट अवस्थेत फार वेळ राहतं. जेवणं झाली की दोन तासांच्या आत उथळ डब्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो फार वेळ घेतो. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत, म्हणजे 74 अंशांपर्यंत, गरम करा. तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नसेल, तर वरवर शिजलेलं दिसलं तरी ते अन्न टाकून द्या. घरीच असाल तर सगळं लगेच पातेल्यात ओतून गॅसवर शिजवून घ्या.