सोसायटी भाडेकरूचं आडनाव विचारते तेव्हा

मुंबईत फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरवला की काही सोसायट्यांची कमिटी आधी भाडेकरूचं आडनाव विचारते, मग तो काय खातो ते. चीड येणारच. पण लिफ्टपाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, सगळं कागदावर आणा.

आधी लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. मग सोसायटीला पत्र. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवणं पुरतं. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी मात्र तपासा. इथेच बहुतेक मालक फसतात: परवानगीचा अर्ज करतात आणि नकाराची संधी स्वतःहून देतात. फक्त सूचनापत्र द्या, सोबत कराराची प्रत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पत्र घेत नसतील तर पोचपावतीसह पोस्टाने पाठवा.

तोंडी नकार आला तर कारण लेखी मागा. बरेचदा तिथेच आवाज खाली येतो, कारण धर्म किंवा जात कागदावर लिहायला कोणी धजत नाही. तरीही अडवलं, तर सगळ्या प्रती जोडून तुमच्या वॉर्डाच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.

सामानाचा टेम्पो गेटवर रोखला तर वॉचमनवर ओरडू नका, तो हुकमाचा ताबेदार. सेक्रेटरीला बोलवा, रस्ता मोकळा होत नसेल तर पोलिसांसाठी 112 लावा.

पुढची बिलंही बघा. मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही.