ड्रंक अँड ड्राइव्हची जुनी केस आणि चुकलेली तारीख, आता काय करायचं?

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, लायसन्स जमा झालं, कोर्टाची तारीख मिळाली आणि त्या तारखेला कोणी गेलंच नाही, अशा केसेस बऱ्याच जणांच्या मागे आहेत आणि सगळ्यांना वाटतं एवढ्या वर्षांत मिटली असेल. नाही मिटत. वॉरंट निघालं असेल तर ते बजावलं जाईपर्यंत किंवा ते काढणारं कोर्टच रद्द करेपर्यंत चालू राहतं, आणि मग पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला वर येतं. त्यामुळे पोलीस दारात यायच्या आत आपणहून जा.

आधी केस शोधा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून नावाने सापडते, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा. सापडली की हिस्टरीत प्रत्येक तारखेला काय झालं ते वाचा, समन्स आहे, जामीनपात्र वॉरंट आहे (पोलीस जामिनावर सोडू शकतात) की अजामीनपात्र (पोलीस पकडून कोर्टापुढे नेतात), यावर पुढचं सगळं ठरतं. तिथे नीट कळलं नाही तर वकिलाला कोर्टात रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, बघायला सांगा, त्यात स्पष्ट असतं. वकिलाचे पैसे परवडत नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 वर फोन करा, महिला, एससी-एसटी आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकील मोफत मिळतो. कोर्टाबाहेर "मी मिटवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

मग वॉरंट रद्द करायचा अर्ज. अजामीनपात्र असेल तर स्वतः हजर राहायची तयारी ठेवा, सकाळीच जा, आधार, फोटो आणि शक्यतो कागदपत्रांसकट जामीनदार सोबत घ्या. का आलो नाही ते खरं सांगा, आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद जोडा, खोटं सर्टिफिकेट अजिबात नको. कोर्ट बहुधा थोडा दंड किंवा बाँड (पुढे हजर राहण्याचं हमीपत्र) घेऊन वॉरंट रद्द करतं, पण क्वचित कोठडीही होऊ शकते म्हणून घरी सांगून जा.

आता मूळ केस. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 तडजोडीने मिटत नाही, त्यामुळे चलनासारखं ऑनलाइन पैसे भरून सुटका नाही. इथे एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, गुन्हा 1 सप्टेंबर 2019 च्या आधीचा असेल तर जुनी शिक्षा लागते, म्हणजे पहिल्या वेळी 2,000 रुपयांपर्यंत दंड, नंतरचा असेल तर 10,000. सहा महिन्यांपर्यंतची कैद दोन्हीकडे आहे. गुन्ह्याच्या वेळच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे घटनेच्या कलम 20 मध्येच आहे. शिवाय या गुन्ह्याची दखल कोर्टाने एका वर्षाच्या आत घ्यायची असते, तेव्हा पोलिसांनी केस कोर्टात कधी दाखल केली ती तारीख वकिलाला तपासायला लावा.

गुन्हा कबूल करायची घाई नको. ब्रेथ ॲनालायझरची स्लिप बघा, 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर आकडा लागतो. एकदा दोषी ठरलात की पुन्हा सापडल्यावर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंड भरला की पावती आणि ऑर्डरची प्रमाणित नक्कल दोन्ही घ्या. वॉरंट रद्द झाल्याची प्रत त्या पोलीस स्टेशनला स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या, कारण तिथल्या रजिस्टरमध्ये ते वॉरंट तसंच पडून राहिलं तर पुन्हा उचलतात.