‘धोका ३१ टक्क्यांनी कमी’ : हा आकडा कसा तपासायचा

औषधाची बातमी वाचलीत तर आधी मूळ शोधनिबंध मिळवा. ‘मोठ्या नियतकालिकात छापून आलंय, म्हणजे पक्कं’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका.

कोणाला, काय दिलं, कशाशी तुलना केली आणि काय मोजलं, हे एका वाक्यात लिहून काढा. गट यादृच्छिक पद्धतीने (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे) पाडले होते का, अर्ध्यातून गळालेल्यांचा हिशेब दिलाय का, तेही बघा. चाचणी भारतातली असेल तर सीटीआरआयवरची (भारतातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली) नोंद काढा आणि आधी ठरवलेलं मोजमाप निबंधात बदललंय का, ते ताडून पाहा.

आता आकडे. मला सगळ्यात जड गेलेली पायरी हीच, म्हणून इथे घाई करू नका.

१९९५ साली प्रॅवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या स्कॉटलंडमधल्या चाचणीचे निकाल आले. कोलेस्टेरॉल वाढलेले, पण हृदयविकाराचा झटका न आलेले ६,५९५ पुरुष त्यात होते. झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. पण ३१ टक्के कशाचे? नकली गोळीच्या गटात पाच वर्षांत शंभरी ७.९ जणांवर ही वेळ आली, खऱ्या गोळीच्या गटात ५.५ जणांवर. फरक २.४. शंभराला २.४ ने भागा: एकाचं संकट टळावं म्हणून सुमारे ४२ जणांनी पाच वर्षं रोज गोळी घ्यायची.

हा फायदा खरा आहे, मोलाचाही आहे. पण ज्याचा मूळ धोका शंभरात एकच आहे, त्याच्यासाठी तेच ३१ टक्के म्हणजे शंभरी ०.३, मग एकासाठी तीनशेहून जास्त लोकांना गोळी घ्यावी लागते. म्हणून मूळ धोका न सांगणाऱ्या टक्केवारीवर मी कधीच निर्णय घेत नाही. फायदा टक्क्यांत आणि दुष्परिणाम ‘हजारात एक’ असा मांडलेला दिसला, तर दोन्ही एकाच मापात आणा, मगच तुलना करा.

आकड्याशेजारचा विश्वासार्हता पल्लाही वाचा, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा. इथे तो १७ ते ४३ टक्के होता, म्हणजे ३१ हा नेमका आकडा नव्हे.

आणि हे सगळे ४५ ते ६४ वयाचे पुरुष होते. सत्तरीतल्या आईची गोळी या एका निबंधावरून सुरू करू नका, बंदही करू नका. तिचा मूळ धोका किती, हे डॉक्टरांना विचारा आणि वरचा भागाकार त्यांच्यासमोरच करा.