धुकं धुक्यासारखं यायला हवं असेल तर

नवा कॅमेरा घेतलेले लोक आधी जागा विचारतात. ठाण्यात काय काढायचं, नवी मुंबईत कुठे जायचं? जागा शोधण्यात वेळ घालवू नका. तलावपाळीला रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्या माणसांत वर्षभर पुरेल एवढं काम आहे. आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर तुम्हाला ठाऊक आहे असं धरून मी थेट मीटरवर येते, कारण सगळ्यात जास्त काळ मी तिथेच अडकून पडले होते.

कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे यापेक्षा उजेड किती येतोय तेवढंच नीट कळतं. समोरचं सगळं मिळून मध्यम करडं असणार, असं धरून तो हिशेब करतो. हल्लीचे कॅमेरे चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, पण मूळ सवय तीच. थंडीत सकाळी नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगोंसमोर उभं राहून बघा. डोळ्यांना धुकं दुधाळ दिसतं, फोटोत मात्र मळकट राखाडी येतं. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, अधिक एकवर न्या. आता तोच पक्षी ओहोटीच्या वेळी बघा. फ्लेमिंगो काळ्या चिखलात चरत असतात आणि फ्रेमचा बराचसा भाग चिखलानेच भरलेला असतो. मीटर त्या काळ्याला करडं करायला जातो आणि पक्ष्याची पिसं जळून पांढराफटक डाग उरतो. मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची मोठी जात, मुळातच फिकट, त्यामुळे आधी तोच जळतो. छोटा जरा गडद गुलाबी असतो, तो थोडा तग धरतो. इथे उणे एक लागतं, कडक ऊन असेल तर त्याहून जास्त. पक्षी तोच, जागा तीच, आणि आकडा बरोबर उलटा. म्हणून ‘फ्लेमिंगोसाठी सेटिंग सांगा’ या प्रश्नाला उत्तर नसतं. जळलेल्या पिसांतला तपशील नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटलाय का, ते तिथल्या तिथे बघा.

मोबाइलवालेही यातून सुटत नाहीत. उपवन तलावाच्या काठावर सूर्यास्तासमोर उभ्या माणसाची काळी आकृती हवी असते, आणि फोन एचडीआर (गडद भाग आपोआप उजळणारी सोय) लावून त्याच्या शर्टाची बटणंही उजळून दाखवतो. एचडीआर बंद करता येत असेल तर करा, आकाशावर बोट दाबून धरा आणि उजेड खाली ओढा.

इथपर्यंत डोकं जड झालं असेल तर घाबरू नका. हे वाचून फारसं बसत नाही. एकच दृश्य उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत काढून शेजारी शेजारी लावलं की बसतं.

प्रीसेटवर, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार रंगसेटिंगवर, पैसे घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याच्या उजेडासाठी बनवलेला रंग तुमच्या उजेडाला बसेलच असं नाही. गुरू मात्र जरूर शोधा. फोटो बघून नुसतं ‘छान’ म्हणणारा नको. ‘हा कोपरा इतका काळोखा का ठेवलास?’ असं विचारणारा हवा.

उजेड हातात आला की बाकीचे प्रयोग सोपे जातात. पावसाळ्यात फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स डबक्याला जवळजवळ टेकते आणि वीतभर पाण्यात अख्खी इमारत मावते. टीएमटी बसच्या काचेवरच्या थेंबांवर फोकस धरा, मागचे दिवे आपोआप विरघळतात. शटर १/१५ वर ठेवून जाणाऱ्या रिक्षाबरोबर कॅमेरा फिरवा. बहुतेक फोटो वाया जातील, जाऊ द्या.

प्रवासात एकच लेन्स न्या. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने आयुष्यातलं बरंचसं काम ५० मिमीवर केलं, आपल्याला चार दिवस तेवढ्यावर निभावायला हरकत नाही. माळशेजला जाताना एसटीच्या खिडकीतून १/१००० ला सगळं गोठतं. पुन्हा १/१५ वर या: जवळची झाडं रेघा होऊन पळतात आणि लांबचा डोंगर बऱ्यापैकी जागेवर राहतो. काच बंद असेल तर लेन्सभोवती काळं कापड धरा, नाहीतर आपलंच प्रतिबिंब येतं.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून वन विभागाच्या बोटी भरती-ओहोटी बघून सुटतात, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. ड्रोन उडवू नका, थवा उठवण्यासाठी दगड तर अजिबात मारू नका. असा फोटो कितीही चांगला आला तरी मी बघत नाही.

आणि पावसाळ्यात लेन्स कपाटात, बॅगेतच ठेवून देऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च जीवावर येतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.