वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून: पान आणि त्यावरचे शब्द कसे तपासावेत

गेल्या दिवाळीच्या आधी दादरला एका ताईंच्या स्वयंपाकघरात बसून मी माझीच वेबसाइट ऐकली. ऐकली असंच म्हणायला हवं, कारण ताईंना दिसत नाही. त्या फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर, वापरतात. गिरगावातल्या एका महिला बचत गटासाठी मी फराळाच्या ऑर्डरचं पान केलं होतं. भरपूर मोकळी पांढरी जागा, बारीक केशरी अक्षरं, प्रत्येक पदार्थाचा मोठा फोटो आणि त्याखाली नुसतं पिशवीचं चित्र असलेलं बटण. पाहणारा प्रत्येक जण "काय देखणं झालंय" म्हणाला होता.

ताईंनी बोट उजवीकडे सरकवलं. फोन म्हणाला, "बटण." पुन्हा सरकवलं. "बटण." सोळा पदार्थ, सोळा वेळा "बटण". चकली कुठली आणि अनारसे कुठले, काही पत्ता नाही. वर मी ठळक अक्षरांत लिहिलेली ओळ मात्र फोनने स्वच्छ वाचली: "दिव्यांग बांधवांसाठी घरपोच विशेष सोय." ताईंनी फोन ओट्यावर ठेवला. म्हणाल्या, "सोय राहू दे गं. मला अर्धा किलो चकली कशी घ्यायची ते सांग."

तेव्हापासून कुठलंही पान लोकांपुढे ठेवण्याआधी मी जे करते ते इथे क्रमाने लिहिते आहे. मंडळाची, सोसायटीची, शाळेची, छोट्या दुकानाची वेबसाइट करणाऱ्या कुणालाही हे जमेल. स्वतः कोड लिहीत नसाल, तर जो करून देतो त्याच्यासमोर बसून एकेक गोष्ट तपासून घ्या.

पायरी १: पान आधी ऐका

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. आयफोनवर त्याच जागी व्हॉइसओव्हर. सुरू करण्याआधी ते बंद कसं करायचं हे नक्की वाचून ठेवा, कारण सुरू झालं की फोनचे हावभावच बदलतात: एकदा टेकवलं की फक्त वाचून दाखवतो, दोनदा टेकवलं की उघडतो, पान वर-खाली करायला दोन बोटं लागतात, आयफोनवर तीन. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो; ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली तो सुरू केला आणि आज जगभर वापरला जातो.

आता डोळे मिटा आणि तुमच्या पानावरचं एक काम पूर्ण करून बघा: ऑर्डर द्या, वर्गणी भरा, प्रवेशाचा फॉर्म पाठवा. नुसतं पान वाचलं जातंय यावर समाधान मानू नका, काम शेवटाला गेलं पाहिजे. जिथे अडलात ती जागा कागदावर लिहा. पहिल्यांदा पंधरा-वीस जागा निघतात, घाबरू नका. बहुतेक तासाभरात सुटणाऱ्या असतात.

पायरी २: मजकूर हा मजकूरच ठेवा

मराठी वेबसाइटचं सगळ्यात मोठं दुखणं इथे आहे. सूचना, पत्रक, दरपत्रक, सगळं चित्र करून टाकायची आपल्याला सवय लागली आहे. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरसाठी अक्षरं नसतातच. सोसायटीची पाणी बंद असल्याची सूचना जेपीजी करून लावली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या अंध काकांना ती वाचता येत नाही, आणि बादल्या भरायच्या राहून जातात.

दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. युनिकोड म्हणजे सगळ्या उपकरणांवर अक्षरं सारखी ओळखली जातील अशी पद्धत. तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर ती तशीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला निव्वळ गोंधळ ऐकू येतो. छापखान्यातून आलेली फाइल पानावर टाकण्याआधी त्यातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तिथे मराठीच दिसलं तर ठीक, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

तिसरं काम एका ओळीचं आहे. पानाच्या कोडमध्ये भाषा कुठली ते लिहिलेलं असतं, आणि तयार टेम्पलेटमध्ये ती बहुधा इंग्रजी असते. ती मराठी करा. म्हणजे वाचणाऱ्या आवाजाला मराठीचे उच्चार लावायचे हे कळतं. "डाळ" ऐकू येणं आणि "डाल" ऐकू येणं यातला फरक मराठी माणसाला सांगायला नको.

पायरी ३: बटणांना आणि फोटोंना नाव द्या

बटणावर चित्र ठेवायला हरकत नाही, पण त्याला कोडमध्ये नाव हवं, आणि ते नाव काम सांगणारं हवं. "पिशवी" हे नाव नव्हे. "भाजणीची चकली, अर्धा किलो, पिशवीत टाका" हे नाव. "इथे क्लिक करा" अशा दहा लिंक एका पानावर असतील तर ऐकणाऱ्याला दहाही सारख्याच. "पावती डाउनलोड करा" असं लिहा.

फोटोचं वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. फोनवर नातेवाइकाला सांगाल तितकंच लिहा: "तांब्याच्या ताटात चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू". "सुंदर मनमोहक फोटो" यातून काहीच कळत नाही. आणि नुसत्या सजावटीचं तोरण, वेलबुट्टी असेल तर वर्णनाची जागा रिकामी ठेवायची, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

पायरी ४: रंग मोजा, अक्षरं जाड करा

देखणेपणावरून वाद होतो तो इथे. मीही तो हिरिरीने घातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक मोजता येतो. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १. वेब सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या एए पातळीप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराला ३ ला १ फरक लागतो. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगावर टिचकी मारली की हा आकडा दिसतो. मी वापरलेली केशरी छटा पांढऱ्यावर जेमतेम २.१ भरली. त्यावर उपाय म्हणून मला केशरी रंग टाकून द्यावा लागला नाही. तोच रंग मागे पट्टा म्हणून घेतला आणि त्यावर काळी अक्षरं ठेवली. आकडा ९.८ झाला. बचत गटाच्या अध्यक्ष काकूंना मोतीबिंदू आहे, त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे मला भाव वाचता आले." त्या कुठल्याही यादीत अपंग म्हणून नोंदलेल्या नाहीत. दुपारी उन्हात प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोन बघणारा माणूसही नाही.

देवनागरीचं स्वतःचं एक गणित आहे, जे इंग्रजी टेम्पलेटला ठाऊक नसतं. फार बारीक वजनाच्या फॉन्टमध्ये अनुस्वार हरवतो आणि "चिंता"ची "चिता" होते. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर ठेवा. अक्षरांमध्ये जागा सोडायची इंग्रजी फॅशन मराठीला लावू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द सुटी अक्षरं होऊन बसतो. मुंबईच्याच एक टाइपने केलेला "मुक्त" फॉन्ट फुकट मिळतो, मध्यम वजनात तो छान वाचता येतो.

रंग हा एकमेव निरोप असू नये, हेही इथेच. फॉर्ममध्ये चुकलेला रकाना नुसता लाल करू नका. त्याखाली "मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा" असं लिहा. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही.

"मग पान रुक्ष नाही का होणार?" असं ग्राहक विचारतात. नाही होत. चांगली मांडणी, चांगले फोटो, नेटका रंग, सगळं राहतं. जातं ते फक्त पुसट अक्षर आणि आपोआप पळणारी चित्रपट्टी. ती ठेवायचीच असेल तर पाच सेकंदांहून जास्त हलणाऱ्या कुठल्याही गोष्टीला थांबवायचं बटण द्या.

पायरी ५: माउस बाजूला ठेवा

फक्त टॅब आणि एंटर वापरून पान पार करा. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. डिझाइनर ती "घाण दिसते" म्हणून काढून टाकतात, ती परत आणा. बोटाने दाबायची बटणं मोठी आणि सुटी सुटी ठेवा. हात थरथरणाऱ्यालाही ती हवीत आणि लोकलमध्ये एका हाताने कडी धरलेल्यालाही. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत न लिहिता वर लिहा. वेळेची मर्यादा असेल तर वाढवून मिळू द्या.

व्हिडिओ असेल तर मराठी कॅप्शन द्या. संपर्कासाठी फक्त फोन नंबर देऊन थांबू नका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी फोन कसा करायचा? मेसेज किंवा ईमेलची वाट हवी, आणि त्यावर उत्तर देणारं माणूस हवं.

पायरी ६: शब्द वाचून काढा

आता ती "बांधवांसाठी विशेष सोय" ओळ. तिच्यात दोन चुका होत्या. जी सोय नव्हती ती असल्याचं मी लिहिलं होतं, आणि ऑर्डर द्यायला बसलेल्या गिऱ्हाइकाला मी उपकाराची भाषा लावली होती. आता तिथे लिहिलं आहे: "ऑर्डर देताना अडचण आली तर या नंबरवर फोन किंवा मेसेज करा. लिफ्ट नाही, जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. माल खाली आणून देऊ." येणाऱ्याला ही माहिती खरी उपयोगाची.

"अपंग" म्हणावं की "दिव्यांग"? २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्क कायद्याच्या मराठी नावात, सरकारी कागदपत्रांत आणि प्रमाणपत्रावर "दिव्यांग" आहे, त्यामुळे अर्ज आणि योजनांच्या संदर्भात तोच शब्द ठेवा. पण अपंगत्व असलेल्या अनेकांना त्यातला दैवी सूर आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. एका व्यक्तीबद्दल लिहिताना तिलाच विचारा. विचारता येत नसेल तर नेमकं लिहा: "अंध", "अंशतः दृष्टी असलेले", "व्हीलचेअर वापरणाऱ्या", "बौद्धिक अक्षमता असलेली मुलं". "मूकबधिर" ऐवजी "कर्णबधिर", कारण ऐकू न येणारे लोक बोलतात, काही आवाजाने, काही हातांनी. "व्हीलचेअरला खिळलेला" लिहू नका. व्हीलचेअरमुळे तो माणूस घराबाहेर पडतो. "नॉर्मल मुलं" ऐवजी "अपंगत्व नसलेली मुलं". "ग्रस्त", "पीडित", "असूनही जिद्दीने" हे शब्द सापडले की थांबा आणि वाक्य पुन्हा लिहा.

म्हणींचं काय? "आंधळं दळतंय" ही म्हण ढिसाळ कारभारासाठी सर्रास वापरली जाते. मी ती वापरणं सोडलं, कारण ताईंसमोर ती माझ्या तोंडून निघणार नाही, आणि जे समोर बोलवत नाही ते लिहावं तरी का? खेळाचं नाव लंगडी आहे, ते लंगडीच राहू द्या. शब्द कुणाकडे बोट दाखवून वापरला आहे का, एवढं बघायचं.

पायरी ७: वापरणाऱ्यांना बोलवा आणि मानधन द्या

तपासणीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि वापरावीत, पण "बटण" सोळा वेळा ऐकून काय वाटतं ते सॉफ्टवेअर सांगत नाही. वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र, ऐकण्या-बोलण्याच्या अपंगत्वासाठीची वांद्र्याची अली यावर जंग संस्था अशा ठिकाणी मुंबईत विचारणा करता येते. दोन-तीन माणसं पुरतात. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. हे तज्ज्ञाचं काम आहे. त्यांनी पान वापरताना मध्ये बोलू नका, बोट पुढे करून दाखवू नका.

ग्राहक खर्चावरून कुरकुरला तर त्याला कायदा सांगा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मानली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण उभं राहिलं होतं ई-केवायसीवरून, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यावरून: ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटायला सांगितलं जात होतं.

ताईंची चकली त्या वेळी मीच नेऊन दिली. या वर्षी त्यांनी पान पुन्हा तपासलं. पदार्थ कळले, वजन कळलं, पिशवीही भरली. मग डिलिव्हरीच्या तारखेवर अडल्या, कारण उघडणारं कॅलेंडर नुसते आकडे वाचतं, महिना सांगत नाही. ते कॅलेंडर काढून मी दिवस आणि महिना टाइप करायचे दोन साधे रकाने टाकते आहे. शनिवारी त्या पुन्हा बघणार आहेत.